शेवटची ओळ आणि पहिलं कारण

मुलुंडपासून जवळच, पवईच्या आयआयटीत प्राध्यापक प्रभू रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायएसपीएच ही प्रणाली उभी केली. द्रवांच्या हालचालींचं गणित ती कणांच्या आधारे मांडते. वापरणारा पायथनमध्ये लिहितो. वेगासाठी त्यातून खालच्या पातळीवरचा कोड तयार होतो आणि तो कंपाइल व्हावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरावा लागतो. पायथनच्या अशा कंपाइल होणाऱ्या भागांपाशी नवखा विद्यार्थी हमखास अडतो. पडद्यावर ओळींमागून ओळी धावतात आणि शेवटी बिल्ड फसल्याचं कळतं. ती शेवटची ओळ घेऊन तो उपाय शोधू लागतो, पण तिच्यात कारण नसतंच. उदाहरणार्थ, कंपाइल करायला लागणाऱ्या फाइलींचं डेव्ह पॅकेज टाकलेलं नसतं, म्हणून पायथनची हेडर फाइल सापडत नाही, म्हणून कंपाइलर थांबतो, म्हणून बिल्ड पडतं. गौतमाच्या न्यायसूत्रांतलं, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातलं, दुसरंच सूत्र दुःखाची साखळी अशीच मांडतं. दुःख जन्मामुळे, जन्म प्रवृत्तीमुळे, प्रवृत्ती दोषांमुळे आणि दोष मिथ्याज्ञानामुळे. मिथ्याज्ञान गेलं की बाकीचं क्रमाने सुटत जातं. मग दुःख थांबणं आणि त्याचं कारण कळणं, या दोन्ही गोष्टी एकच का?

माझ्या मते नाहीत. कंपाइलर बदलला, जुनं एन्व्हायरन्मेंट पुसलं, नमपाय ही पायथनची गणिती लायब्ररी अद्ययावत केली आणि बिल्ड झालं, तर यातलं कारण कोणतं? नैयायिक इथे अट घालतात की कारण अन्यथासिद्ध, म्हणजे ज्याच्याविनाही कार्य होऊ शकतं असं, नसावं. माती वाहून आणणारं गाढव घडा घडण्याआधी हजर असतं, तरी ते घड्याचं कारण नव्हे, कारण त्याच्याविना घडा होऊ शकतो. खरं कारण ओळखायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात: ते असताना कार्य होतं आणि नसताना होत नाही, हे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावं लागतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं, तेव्हा जुन्या नमपायवर कंपाइल केलेले कित्येक भाग नव्यासोबत चालेनात. पायथनच पुन्हा टाकून ज्याची अडचण मिटली, त्याला आवृत्त्यांचा हा बेबनाव कळलाच नाही. त्याचं मिथ्याज्ञान शाबूत राहिलं आणि पुढच्या अडचणीचं बीजही.

यावर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचाच आधार घेऊन आक्षेप घेता येईल. प्रवृत्ती सफळ झाली की प्रमाण खरं ठरतं, असं त्याचं भाष्य सुरुवातीलाच सांगतं. मग काम झाल्यावर आणखी काय हवं? आक्षेप वजनदार आहे. पण यशाने कसोटी लागते ती आधी झालेल्या ज्ञानाची. जिथे निश्चय नव्हताच, तिथे यश कशाची ग्वाही देणार? दुसरा आक्षेप असा की मोक्षशास्त्राला संगणकाच्या दावणीला बांधणं हा त्याचा अवमान आहे. मला तसं वाटत नाही. निःश्रेयसासाठी, म्हणजे मोक्षासाठी, जाणायच्या सोळा पदार्थांत गौतमाने संशय, तर्क, निर्णय आणि हेत्वाभास घातले आहेत; नीट शोध घेण्याची शिस्त त्याच्या लेखी साधनेबाहेरची नाही. बिल्डचा लॉग कुठेतरी संपतो आणि संसाराचं दुःख इतकं सरळ वाचता येत नाही, हे मान्य. म्हणून तर सराव सोप्या ठिकाणी करायचा. त्यासाठीचं पुस्तकही जवळचंच आहे: यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेला अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायाचा प्रवेशग्रंथ १८९७ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला. मुलुंडच्या महाविद्यालयांत प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी त्यातलं कारणांचं विवेचन पहिल्या सत्रातच विद्यार्थ्यांपुढे ठेवावं.