मंगळावरची साक्षी नळी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 12 (भक्तियोग), श्लोक 13

भक्ताची लक्षणं सांगायला भगवंत या श्लोकापासून सुरुवात करतात. जो कुठल्याही भूताचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीने आणि करुणेने वागतो, ज्याचं 'माझं' सुटलंय आणि 'मी'ही सुटलाय, सुखदुःखात जो सारखा राहतो आणि क्षमा करतो, तो भक्त. यातली दोनच लक्षणं आज घेऊ : 'निर्मम' आणि 'अद्वेष्टा'. आणि ती समजून घ्यायला जरा लांब जाऊ, थेट मंगळ आणि शनीपर्यंत.

आधी एक प्रश्न निकालात काढू. उद्या दुसऱ्या ग्रहावर जीव सापडला, तर आपल्या श्रद्धेचं काय? काहीच नाही! 'भूत' म्हणजे जे जे निर्माण झालं ते. भगवंतांनी त्याला पृथ्वीचा पत्ता जोडलेला नाही. आपण ज्याला 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणतो, त्याला शेजारच्या ग्रहावरच्या जिवाणूने काय अडचण होणार? मला त्या शोधापेक्षा शोधण्याची रीत जास्त शिकवते.

1976 मध्ये नासाची वायकिंग 1 आणि वायकिंग 2 ही यानं मंगळावर उतरली. निघण्याआधी दोन्ही लँडर अक्षरशः भट्टीत तापवले होते, 110 अंश सेल्सिअसच्या वर, कित्येक तास. इथले जिवाणू सोबत गेले तर मंगळ दूषित होईल ही एक भीती. आणि दुसरी भीती अशी की तिथे जाऊन आपण आपल्यालाच शोधून काढू आणि 'जीव सापडला' म्हणून नाचत बसू!

तिथल्या एका प्रयोगात मंगळाच्या मातीवर पोषक द्रव टाकला. त्यातला कार्बन किरणोत्सारी होता. मातीतल्या कुणी तो 'खाल्ला' तर वायूच्या रूपाने बाहेर पडणार होता. आणि वायू आला! माती आधी 160 अंशांपर्यंत तापवून पाहिली, तेव्हा मात्र तसा आला नाही. म्हणजे उष्णतेने मरणारं काहीतरी होतं का? पण दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत जीवसृष्टीला लागणारे सेंद्रिय पदार्थच मिळाले नाहीत. प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो जीवच होता. बहुतेक शास्त्रज्ञांनी मात्र सांगितलं, मातीतल्या रसायनांमुळेही असं होऊ शकतं. 'हो' म्हणण्याचा मोह केवढा असेल, विचार करा. तरीही घोषणा झाली नाही.

आता पर्सिव्हिअरन्स रोव्हर. 18 फेब्रुवारी 2021 ला तो जेझेरो विवरात उतरला, जिथे कधीकाळी नदी येऊन मिळत होती आणि तलाव होता. त्याच्याकडे नमुने ठेवायच्या 43 नळ्या आहेत. त्यातल्या 38 मंगळाच्या नमुन्यांसाठी. उरलेल्या 5 नळ्यांत दगड भरायचाच नाही. त्या तिथे उघडायच्या, नमुना घेताना करतात तेच सगळं करायचं आणि बंद करायच्या. पृथ्वीवरून रोव्हरबरोबर कुठली घाण आली आहे, याची नोंद ठेवणं एवढंच त्यांचं काम. त्यांचं इंग्रजी नाव 'विटनेस ट्यूब', म्हणजे साक्षी नळी. आपल्यातले जे टेस्टिंग करतात त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. बेसलाइनच माहीत नसेल, तर रिझल्टला अर्थ काय?

जुलै 2024 मध्ये याच रोव्हरला बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला एक खडक दिसला. त्याला नाव दिलं चेयावा फॉल्स. पृथ्वीवर अशा खुणांमागे अनेकदा सूक्ष्मजीव असतात. सप्टेंबर 2025 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. त्यात शब्द वापरलाय 'संभाव्य' खूण. जीवाशिवायही असं घडू शकतं, हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. त्या खडकाचा नमुना नळीत बंद होऊन मंगळावरच आहे.

आता आपल्याकडे येऊ. इंटरव्ह्यूला जाताना रिक्षाच्या मागे स्वामींचं वचन दिसतं, आपण म्हणतो, संकेत मिळाला. ऑफर आली की तो संकेत खरा. नाही आली की आपण तो विसरूनच जातो. जपाला बसल्यावर आतून 'उत्तर' येतं, आणि ते नेमकं आपल्याला हवं होतं तेच असतं! संकेत खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण शोधायला निघालेल्या मनाला आपलीच इच्छा चिकटलेली असेल, तर जे सापडेल ते देवाचं की माझं, हे कळणार कसं? 'निर्मम' हे लक्षण इथे लागतं. 'माझं' बाजूला झाल्याशिवाय 'त्याचं' ओळखू येत नाही. संतांनी चित्तशुद्धीवर एवढा भर दिला, तो याचसाठी.

आणि 'अद्वेष्टा'? त्यासाठी कॅसिनीकडे पाहू. हे यान 2004 पासून शनीभोवती फिरत होतं. एन्सेलाडस या जेमतेम 500 किलोमीटर व्यासाच्या चंद्रातून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे उडतात, हे त्यानेच दाखवलं. बर्फाखाली समुद्र आहे, तिथे जीव असूही शकतो. इंधन संपत आलं तेव्हा प्रश्न पडला : यान भरकटून त्या चंद्रावर आदळलं, आणि पृथ्वीवरचे जिवाणू तिथे पोचले तर? म्हणून 15 सप्टेंबर 2017 ला ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं. अगदी शेवटच्या क्षणांपर्यंत ते माहिती पाठवत होतं.

जो जीव आहे की नाही हेही माहीत नाही, त्याला धक्का लागू नये म्हणून हे केलं! या श्लोकावर बोलताना माउली पाण्याचा दाखला देतात. गाईची तहान भागवू आणि वाघाला विष होऊन मारू, असा भेद पाणी करत नाही. मग जे जीव नक्की आहेत, रोज समोर येतात, त्यांचं काय? सोसायटीच्या गेटवरचं कुत्रं, पावसात उशिरा पोचलेला डिलिव्हरीवाला, मीटिंगमध्ये आपलं श्रेय घेणारा सहकारी. शेवटचं नाव वाचून कपाळाला आठी पडली ना? अभ्यास तिथूनच सुरू करायचा.

आजचा संकल्प : जपाला बसण्याआधी एक मिनिट साक्षी नळी उघडा. आज मी सोबत काय घेऊन आलोय? कुठली मागणी, कुठली भीती, कुणावरचा राग? हाकलू नका, नुसती नोंद घ्या. मग नाम सुरू करा. नंतर जे हाती लागेल, त्यातलं आपण आणलेलं किती ते कळेल. त्यापलीकडे काही उरलं, तर त्याला नाव द्यायची घाई करू नका. 'संभाव्य' म्हणून जपून ठेवा आणि उद्या पुन्हा बसा.

राम कृष्ण हरी!