भाजणं आणि पोळणं

एका बारशाला पावणेदोन वर्षांचं एक मूल आलं होतं. हनुवटीपासून छातीपर्यंत गुलाबी, चकचकीत व्रण. आईनं सांगितलं, चहाचा कप टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत होता. उभं राहायला पोरानं टेबलावरचं कापड धरलं आणि कप अंगावर आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लक्ष कुठं होतं गं तुझं?" तो प्रश्न अजून टोचतो आहे.

विस्तव, काडेपेटी यांपासून मूल लांब ठेवावं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण विस्तवानं हात भाजतो, चहानं जीभ पोळते. बोलताना आपण दोन्ही एकच करून टाकतो. चालायला लागलेली मुलं बहुधा पोळतात आणि आपण राखण करतो विस्तवाची. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे 5 सेकंदांत खोलवर पोळवतं. मुलाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. ओतून 15 मिनिटं झालेला चहासुद्धा बाळाला पोळवू शकतो.

काकू पुढं म्हणाल्या, "एकदा पोळलं की शहाणं होतं." दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ही म्हण त्यांच्या मनात असावी. पण म्हण नीट ऐकावी. पोळलेल्याला दूध ओळखता येत नाही, तो गार ताकालाही भितो. याला शहाणपण कसं म्हणायचं?

लक्षापेक्षा मांडणी महत्त्वाची, असं मी ठासून लिहिणार होतो. लक्ष क्षणात उडतं. पातेल्याचा दांडा भिंतीकडे वळवला की वळलेला राहतो. टेबलावर कापड नको, कुकर जमिनीवर उतरवायला नको, मूल मांडीवर असताना हातात चहा नको. एवढं लिहिलं आणि ओळखीचं एक घर आठवलं. एकच खोली, शेगडी जमिनीवर, शेजारी आमटीचं पातेलं, दोन हातांवर बाळाची दुपटी. तिथं वस्तू हलवायच्या कुठं? तिथं लक्षच हवं. पण रांधणारीचे डोळे उतू जाणाऱ्या दुधावर असतात. तेवढा पाऊण तास मूल कुणी घ्यायचं, हे घरानं रोज ठरवायला हवं.

म्हणजे काकूंचा प्रश्न खरा होता; विचारला भलत्या माणसाला. त्या दिवशी आई आत पोळ्या लाटत होती आणि टेबलाशी चार मोठी माणसं चहा पीत होती. मूल किंचाळल्यावर त्यांतलं एक टूथपेस्ट आणायला धावलं. धावायचं होतं मुलाला घेऊन नळाकडे: 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, हळद नाही, आणि मग थेट दवाखाना. लक्ष कुठं होतं, हे त्या चौघांना कुणीच विचारलं नाही.