शंकित मनानें गीत गावें काय?

ज्याचें काळीज दुःखानें फाटलें आहे व ज्याच्या मनांत देवाविषयीं शंका उठल्या आहेत, त्यानें उपासनेंत मंडळीबरोबर गीत गावें काय? ओठांवर एक आणि अंतःकरणांत दुसरें, तर तें ढोंग नव्हे काय? हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस पुष्कळदां पडतो. कित्येक तो बोलून दाखवीत नाहींत. ते मागें मुकाट्यानें बसतात, अगर येण्याचेंच सोडून देतात.

स्कॉटलंड देशांत रेव्ह. जॉर्ज मॅथेसन (१८४२–१९०६) या नांवाचे एक पाळक होऊन गेले. ऐन तारुण्यांत त्यांची दृष्टि गेली. १८६८ सालीं इनेलन या समुद्रकांठच्या गांवीं त्यांची नेमणूक झाली. आणि तेथें असतां एका काळीं आपला विश्वास पार उडाला होता, असें त्यांनींच सांगून ठेविलें आहे. त्यांनीं पाळकमंडळाकडे राजीनामा दिला. मंडळानें तो घेतला नाहीं. तुम्ही तरुण आहां, मन पालटेल, असें म्हणून त्यांस कामावर ठेविलें. (शंकेखोरास दार दाखविण्याची ज्यांस घाई असते, त्यांनीं याचें मनन करावें.)

पुढें १८८२ च्या जून महिन्यांत, बहिणीच्या लग्नाच्या रात्रीं, ते घरीं एकटे असतां त्यांच्या मनावर कांहीं दारुण आघात झाला. तो कसला, हें त्यांनीं जगास कधींच सांगितलें नाहीं. त्याच रात्रीं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणें सुमारें पांच मिनिटांत, त्यांनीं एक गीत लिहिलें. तें आज अनेक देशांतील मंडळ्या गातात. अंधत्वामुळें वाग्दत्त वधूनें त्यांस सोडिलें व त्या दुःखांतून तें निघालें, अशी कथा पसरली आहे. परंतु तिला त्यांच्या शब्दांचा आधार नाहीं. लोकांस कारण हवें असतें! गीताचें त्यावांचून अडत नाहीं.

त्या गीताचा रोख पहा. माझा विश्वास दृढ आहे, अशी ग्वाही त्यांत नाहीं. जी प्रीति धरलेल्यास सोडीत नाहीं, तिला उद्देशून तें आहे. पकड तिची आहे, गाणाराची नव्हे. गीत म्हणजे कोर्टांत शपथेवर दिलेली जबानी नव्हे, ती हांक आहे. अंधारांत लेंकरूं आईला हांक मारितें, तें आई जवळ असल्याची खात्री पटली म्हणून नव्हे. त्या हांकेस कोणी लबाडी म्हणेल काय?

या गीतांत पावसांतल्या इंद्रधनुष्याचाही उल्लेख आहे. मूळ रचनेंत त्यावर चढण्याची कल्पना होती; गीतसंग्रहाच्या समितीच्या सांगण्यावरून ती बदलून त्याचा माग काढण्याची घातली. आम्हांस हा फेर बरा वाटतो. चढणारा पावसांतून सुटतो; माग काढणारा भिजतच राहतो.

आणि हांक मारण्याचेंही बळ नसेल तर? स्तोत्रसंहितेंतील ८८ वें स्तोत्र उघडावें. बहुतेक विलापस्तोत्रें शेवटीं स्तुतीकडे वळतात. हें वळत नाहीं, अंधारांतच संपतें. तरी त्याचा कर्ता आपली तक्रार दुसऱ्या कोणाकडे न नेता रात्रंदिवस देवाकडेच नेतो. त्याच्या मथळ्यांत तें मुख्य गवयाकडे सोंपविलें आहे. म्हणजे त्या एकाचा आक्रोश इतरांनींही गावयाचा होता. ज्यांच्या दारीं त्या आठवड्यांत लग्नाचा मांडव असेल, त्यांनींसुद्धां.