पोराला म्होरं करून

आपल्या बैठकीत प्रश्न येतात ते मोठे येतात. गायरान, शिष्यवृत्ती, राखीव जागांचा अनुशेष, अत्याचाराच्या केसेस. यायलाच पाहिजेत. पण पहिली ते चौथीच्या वर्गात काय चालतं हा विषय निघाला की आपले कार्यकर्ते घड्याळाकडे बघायला लागतात. फार तर कुणी उठून म्हणतो, शाळेत बाबासाहेबांचा फोटो नाही, निवेदन द्या. निवेदन जातं, फोटो लागतो, हार पडतो, आणि आपण चहा प्यायला मोकळे. फोटोच्या खाली वर्गात काय चाललंय ते बघायला कुणी थांबत नाही.

वर्गात नुसते धडे नसतात. परिपाठ असतो, पाटीपूजन असतं, हादगा असतो, आनंद बाजार असतो, गॅदरिंग असतं. पुस्तकातला धडा पोरगं परीक्षेनंतर विसरतं. पण गॅदरिंगला आपण काय झालो होतो हे ते म्हातारपणी नातवाला सांगतं. दसऱ्याला पाटीवर आकड्यांची सरस्वती काढायची, झेंडूचं फूल ठेवायचं, हात जोडायचे. यात कुणी कुणाला मारत नाही, जातीवरून बोलत नाही. सगळं गोड आहे, आणि गोड आहे म्हणूनच ते सरळ आत उतरतं. प्रस्थापित संस्कृती दंडुका घेऊन फार क्वचित येते. बऱ्याचदा ती पेढा घेऊन येते.

तर प्रश्न असा की, असल्या कार्यक्रमातून आपलं पोर बाजूला काढून घ्यायचा हक्क आपल्याला आहे का? कायद्यानं आहे. मी नीतीच्या बाजूनं विचारतोय.

हे मी नरसिंहपुरात बसून विचारतोय त्यालाही कारण आहे. इंदापूर तालुक्याचं हे टोक. इथं नीरा भीमेला मिळते, पल्याड सोलापूर जिल्हा. संगमावर नरसिंहाचं देऊळ, कितीतरी घराण्यांचं कुलदैवत. प्रल्हादानं इथं वाळूची मूर्ती करून पुजली अशी गावची कथा. ही गोष्ट लोकांना खांबापासून पुढं ठाऊक असते. पण भागवतातला प्रल्हाद नीट बघा, ती चक्क शाळेची गोष्ट आहे. शंड आणि अमर्क असे दोन गुरुजी. बाप पोराला मांडीवर घेऊन विचारतो, बाळा, काय शिकलास? आणि गुरुजी कामाला गेले की हा पोरगा बाकीच्या असुरांच्या पोरांना गोळा करून वेगळंच काही शिकवतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हीच कथा फिरवून मांडली. नृसिंहानं एक ब्राह्मण पंतोजी गुपचूप पाठवला, प्रल्हादाच्या कोवळ्या मनात आपला धर्म भरला, बाप-लेकाचं बिनसवलं आणि मग खांबाआड दबा धरून बापाला मारलं. लिहिणारा माणूस १८४८ पासून स्वतः शाळा चालवलेला. पोराच्या मनात शिरायची वाट शाळेतून जाते हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट. पण एक बाब दोन्हीकडे सारखी. खांबाशी जे घडतं त्याच्या मध्ये पोर उभं आहे. एकीकडे बाप, दुसरीकडे देव म्हणा की वैरी म्हणा. पोराला काय पाहिजे हे कुणी विचारत नाही.

या पंचक्रोशीतल्या एका शाळेत, नाव घ्यायचं कारण नाही, गॅदरिंगला हेच नाटक बसलं. आमच्या वस्तीतलं तिसरीतलं पोरगं हिरण्यकश्यपू. बाई म्हणाल्या, त्याचा आवाज मोठा आहे. असेल. बाई मनानं वाईट नाहीत, पोरांवर जीव टाकणाऱ्या आहेत. पण दर साली प्रल्हाद गावातला आणि राक्षस वस्तीतला, हे आवाजावरनंच कसं जुळून येतं? पोराला त्याचं काही नव्हतं. ते हरखून गेलं होतं. पुठ्ठ्याची गदा, सोनेरी कागदाचा मुकुट, आईनं जुन्या लुगड्याचा शिवलेला शेला. रात्री सगळी वस्ती त्याचं राक्षसाचं हसणं ऐकायची.

वस्तीतल्या तरुणांनी ठरवलं, पोरगं काढून घ्यायचं. कारण सोळा आणे खरं होतं. भर मांडवात आपलं पोर मांडीवर घेऊन त्याचं पोट फाडायचं आणि गावानं टाळ्या वाजवायच्या, हे हसण्यावारी न्यायचं नाही, असं मीही त्या बैठकीत बोललो. पण काढून घ्यायला मी तयार नव्हतो. वाद चांगलाच पेटला. पोरगं दारात उभं राहून ऐकत होतं. मध्येच म्हणालं, "मंग गॅदरिंगच्या दिशी म्या कुठं बसू?"

बैठक गप्प झाली.

बाबासाहेबांच्या शाळेबद्दल आपण सगळेच भाषणं करतो. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, २०१७ पासून राज्य सरकार तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या दिवसांचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं, गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. हे वाचताना आपला संताप कशाचा असतो? तहान तर आहेच. पण सगळी पोरं एका जागी असताना एक पोर कोपऱ्यात आहे, याचा असतो. तेव्हा ते व्यवस्थेनं केलं. आता तत्त्वासाठी आपणच आपल्या पोराखाली गोणपाट अंथरायचं का?

कुणी म्हणेल, लादलेलं वेगळेपण आणि आपणहून दिलेला नकार यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आहेच. नकार तर आपलं हत्यार आहे. पण नकार ज्याचा त्यानं द्यायचा असतो. केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेनं काढलं, कारण ती राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण पंथाच्या श्रद्धेमुळं ते म्हणायची नाहीत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं पोरांच्या बाजूनं निकाल दिला. त्या पोरांना ती श्रद्धा घरातनंच आली असणार, पण रोज वर्गात ती स्वतः त्यावर उभी होती. नाशिकच्या एका शिक्षकाचं उदाहरण तर आपल्या घरचं. शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला त्यांनी नकार दिला, त्यापायी वेतनश्रेणी अडली, कोर्टात गेले, आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. संविधानाचं कलम २८ त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. त्या माणसानं पणाला लावलं ते स्वतःचं होतं. आपण मात्र आठ वर्षांच्या पोराचा मुकुट पणाला लावायला निघालो होतो.

वाद मिटवला तो पोराच्या आईनं. ती रोजानं उसात जाणारी बाई. म्हणाली, "भांडान तुमचं हाय, तर तुमी जावा की. त्याला कशाला म्होरं करता?"

मग आम्ही चौघं गेलो हेडमास्तरांकडे. आमच्या पोराला काढा असं म्हणालो नाही. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवा एवढंच मागितलं. हेडमास्तरांनी मान डोलवली, कार्यक्रम चार दिवसांवर आलाय म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पोरानं काम केलं. काय हसलं! पुढं बसलेली बालवाडीतली पोरं रडायला लागली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी ती आई शाळा व्यवस्थापन समितीवर गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये सगळं दिलंय. सरकारी शाळांच्या समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा. आपल्यातल्या किती जणांनी हे कलम वाचलंय? चिठ्ठ्या टाकल्या. राक्षस गावातल्या एका बड्या घरच्या पोराला आला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप मोटारसायकल घेऊन शाळेत हजर. माझा पोरगा राक्षस होणार नाही! म्हणजे आदल्या साली आमच्या वस्तीला जे टोचत होतं ते काही आमच्या मनाचे खेळ नव्हते. त्या भूमिकेचा अर्थ गावाला पहिल्यापासून ठाऊक होता.

आता थोडं आपल्या घरात. १४ एप्रिलला चार वर्षांच्या पोराला निळा कोट घालायचा, चष्मा चढवायचा, पाठ केलेलं भाषण म्हणायला स्टेजवर उभं करायचं. पोरगं रडतंय, झोप आलीय, तरी माइक पुढं. टाळ्या आपल्याला पाहिजे असतात. जोतीरावांनी कोवळं मन म्हटलं ते फक्त त्यांच्याच पोरांचं असतं का? मी जयंतीच्या विरोधात नाही, मला कुणी शिकवू नये. पण पोराच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं आणि त्याला जागृती म्हणायचं, यात आणि त्या गुपचूप पाठवलेल्या पंतोजीत किती अंतर उरतं?

याच्या उलट १८५५ साल आठवा. मुक्ता साळवे, मातंग समाजाची मुलगी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'नं छापला. निबंध लिहिणं म्हणजे वर्गातला अगदी साधा उपक्रम. गाय, आमचे गाव, पावसाळा, असले विषय आपणही लिहिलेत. त्या पोरीनं त्याच उपक्रमातून धर्म म्हणजे काय हा जाब विचारला. तिला कुणी झाशीची राणी करून स्टेजवर चढवलं नव्हतं. लिहायला शिकवलं होतं, आणि लिहिलेलं मोठ्या माणसांनी वाचलं होतं.

आमच्या समितीपुढं आता अडचण वेगळीच आहे. प्रल्हादाचं नाटक बंद झालं, बदली म्हणून बसवलं ते स्वच्छतेवरचं, इतकं कंटाळवाणं की पोरं स्टेजवरच जांभया देत होती. पोरांना राक्षस पाहिजे, गदा पाहिजे, युद्ध पाहिजे. तुमच्यात कविता करणारे पुष्कळ आहेत. तिसरीच्या वर्गाला पेलेल असं वीस मिनिटांचं नाटक कुणी लिहून द्यावं. पोरं सव्वीस आहेत, प्रत्येकाला निदान दोन वाक्यं हवीत. दिवाळीच्या सुट्टीआधी हातात आलं तर तालमी करायला सोपं जाईल.