न दिसणारे तारे

त्रिशंकू तारकासमूहात (दोन देशांत लोंबकळणाऱ्या आपल्याला हे नाव ओळखीचे वाटेल!) रत्नमंजूषा नावाचा तारकागुच्छ आहे. फ्रेंच ज्योतिर्विद लाकाय याने 1751-52 च्या सुमारास केप ऑफ गुड होपहून तो नोंदवला. वय सुमारे दीड कोटी वर्षे. आकाशाच्या हिशेबात तान्हे बाळच. निळसर ताऱ्यांत एक तांबडा.

मे महिन्यात रात्री नऊ-दहाला अलिबागेहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम 11 अंश चढतो. लोद, अश्दोदहून कधीच दिसत नाही.

मग इथे जन्मलेल्या मुलांचे काही हिरावले का? मला नाही वाटत. उणीव पाहिलेल्याला भासते. ती नातवंडांच्या माथी मारणे अन्यायच. पण नातवाने विचारले, ‘‘आजोबा, तिकडे आकाश वेगळे होते?’’ तर ‘‘सगळे सारखेच’’ म्हणून वेळ मारून नेऊ नये.