कॉन्स्टन्शियाचे जेवण

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ डोंगराच्या कुशीत ग्रूट कॉन्स्टन्शिया नावाची जुनी इस्टेट आहे. पांढऱ्या भिंतींचा डच वळणाचा वाडा, ओकची झाडे, उतारावर द्राक्षांचे मळे. पाहुणे वेलींतून हिंडतात, मद्याचे कोठार पाहतात आणि मग सावकाश जेवतात. पेल्यात तिथलीच वाइन. कॉन्स्टन्शियाचे मद्य सेंट हेलेनाच्या बंदिवासात नेपोलियनलाही मिळत असे. हे सारे सुंदर आहे; ते तसे नाही असे म्हणण्याचा दांभिकपणा करण्यात अर्थ नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८५ साली ही जमीन सिमोन व्हान डेर स्टेल या आपल्या अधिकाऱ्याला दिली. मळे फुलवले ते गुलामांनी. केपमध्ये गुलाम येत ते मादागास्करहून, जावा-सुमात्राकडून, आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडलाहूनही. कागदोपत्री ते ‘अमुक व्हान बंगालेन’ एवढेच उरले. खुद्द सिमोनच्या आईची आई हिंदुस्थानातली दासी होती, असे इतिहासकार सांगतात. आजीच्या दास्याने नातवाचा हात अडला नाही! १८३४ साली गुलाम मुक्त झाले, तेही आणखी चार वर्षे उमेदवारीच्या नावाखाली राबून; ब्रिटिश सरकारने साऱ्या साम्राज्यासाठी जी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती धन्यांना.

१७९१ च्या कोठाराच्या दर्शनी भागावर गॅनिमीड कोरलेला आहे. ग्रीक पुराणातला हा सुंदर पोरगा. त्याला पळवून नेऊन देवांच्या पंक्तीला मद्य वाढायला ठेवले होते. ते शिल्प पाहताना धन्याला काहीच आठवले नसेल काय?

मग आजच्या पाहुण्याने तो घास कसा घ्यावा? एक उत्तर असे, की जुने आता उरलेच कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेराच्या किडीने केपच्या वेली खाल्ल्या, वाडा १९२५ साली जळाला आणि पुन्हा उभारला गेला. युक्तिवाद चोख आहे. दुसरे उत्तर हळव्या माणसाचे: तो क्षणभर खिन्न होतो, आणि ती खिन्नता जेवणाला चटणीसारखी लावून घेतो. मला हे दुसरे अधिक खटकते. पहिल्यात निदान हिशेब मांडण्याची तयारी तरी आहे. फक्त हिशेब चुकीच्या वस्तूचा आहे. ऋण वेलींचे किंवा भिंतींचे कधीच नव्हते.

केप प्रांतातल्या मळ्यांवर मजुरीचा काही भाग मद्याच्या रूपाने देण्याची ‘डोप’ नावाची रीत होती. गेल्या शतकाच्या साठीत कायद्याने ती बंद केली, तरी पुष्कळ वर्षे ती चालूच राहिली. आईच्या गरोदरपणीच्या मद्यपानामुळे जन्मतःच बाधा झालेल्या मुलांचे तिथल्या काही गावांतले प्रमाण जगात सर्वांत अधिक नोंदलेल्यांपैकी आहे. ही मुले इतिहासातली नव्हेत. शाळेत बसलेली आहेत.

फेरीत पाहुणा वाटाड्याला द्राक्षाची जात विचारतो, पिंपाचे लाकूड विचारतो, बाटलीची किंमत विचारतो. द्राक्षे खुडणाऱ्याला दिवसाचे काय मिळते, हेही त्याच आवाजात विचारता येते.