जुळणी कुठे झाली?

'मेड इन इंडिया' वाचून फोन घेतला की थोडं पुण्य केल्यासारखं वाटतं. पण इथे जुळणी झाली म्हणून ती न्याय्य झाली का? 2010 मध्ये शेन्झेनच्या फॉक्सकॉनमध्ये एकामागून एक कामगारांनी आत्महत्या केल्या. आपण हळहळलो, लांबून करणार काय? (सबब सोयीचीही होती.)

मला देशी जुळणी हवी ती अभिमानासाठी नाही, इथे भांडता येतं म्हणून. डिसेंबर 2021 मध्ये फॉक्सकॉनच्याच श्रीपेरुंबुदूर कारखान्यातल्या बायका वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाल्यावर महामार्गावर बसल्या. आयफोनची जुळणी काही आठवडे थांबली. एप्रिल 2023 मध्ये तमिळनाडू विधानसभेनं 12 तासांच्या पाळीला वाट देणारं विधेयक मंजूर केलं. कामगार संघटना उठल्या. 1 मे रोजी मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतलं.